मदत हवी आहे: नव्या कामगारांसाठी पर्यावरणपूरक स्वागत-किट, माणशी १,००० रुपये

चाकण_एचआर

नमस्कार मंडळी. चाकणच्या एका ऑटो-पार्ट कारखान्यासाठी विचारतोय. दर तिमाहीला साधारण ६० जण नव्याने रुजू होतात. त्यातले ४५ शॉप फ्लोअरवर (आयटीआय, डिप्लोमावाले) आणि १५ ऑफिसात. पहिल्या ९० दिवसांतच पाचातला एक सोडून जातो. वरून माणशी १,००० रुपये मंजूर झालेत, दोन अटींवर: वस्तू पर्यावरणपूरक हव्यात आणि गळती कमी झालेली दिसली पाहिजे.

पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये आहे: बांबू फायबरचा मग, सीड पेन (मागच्या टोकात बी भरलेलं, वापरून झालं की मातीत रोवायचं), ज्यूटची पिशवी, नाव घातलेली स्टीलची बाटली, रिसायकल्ड पॉलिएस्टरचा टी-शर्ट, कुंडीतलं रोप आणि हे सगळं मावेल असा खोका.

यातलं काय ठेवू, काय काढू? सगळं पहिल्याच दिवशी द्यायचं का? आणि फरक पडला की नाही हे कसं दाखवू?

भांडीकुंडी

बांबूचा मग आधी काढा. ‘बांबू फायबर’ म्हणून विकतात तो मग म्हणजे बहुतेक वेळा मेलामाइन रेझिनमध्ये दाबलेली बांबूची पूड. गरम चहा ओतला की त्यातून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड पाझरू शकतं. युरोपीय संघात असली भांडी खाण्यापिण्यासाठी विकायला परवानगी नाही. वर तो कुजतही नाही आणि भंगारवालाही घेत नाही.

बाटली ठेवा. फ्लोअरसाठी एकपदरी, १ लिटरची, ३०४ ग्रेडच्या स्टीलची. विक्रेता लोहचुंबक लावून दाखवेल, त्याला भुलू नका. स्वस्तातल्या २०१ ग्रेडलाही चुंबक जेमतेमच धरतो. २०१ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं. त्यासाठी तपासणीचं द्रावण मिळतं: एक थेंब टाकायचा, ९ व्होल्टची बॅटरी लावायची, लाल रंग आला तर २०१. आयएसआय चिन्ह बघाच. पाण्याच्या साध्या बाटलीसाठी मानक आयएस १७८०३, थर्मॉससारख्या दुपदरी बाटलीसाठी आयएस १७५२६. चिन्हासोबतचा सीएम/एल क्रमांक (परवान्याचा नंबर) भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. झाकणातली रबरी रिंग सुटी मिळते का, हेही ऑर्डरआधीच विचारा. स्टील वर्षानुवर्षं टिकतं, वास धरते ती रिंग, आणि तेवढ्यासाठी अख्खी बाटली अडगळीत जाते.

नाव आधी घालून घेऊ नका. ऑफर स्वीकारून न येणारे असतातच, मग दुसऱ्याच्या नावाची बाटली कोणाला देणार? कोऱ्या बाटल्या स्टॉकमध्ये ठेवा. तुमच्याकडे पार्टवर नंबर कोरायला लेझर मार्किंग मशीन असेलच, त्यावरच नाव कोरता येईल. बाटली गोल असल्यामुळे नाव आडवं लिहिलं तर कडेची अक्षरं फोकसबाहेर जाऊन पुसट येतात. बाटलीच्या लांबीच्या दिशेने लिहा. आधी एक नमुना कोरून, दोन-चार दिवस पाण्याने भरून ठेवा. पॉवर जास्त झाली तर कोरलेल्या जागी गंज धरतो. कंपनीचा लोगो बुडाशी, नखाएवढा. छातीएवढा लोगो असलेली बाटली घेऊन कोणी लग्नाला जात नाही.

टाके_आणि_टीप

ज्यूटची पिशवी उलटी करून बघा. आतून चकचकीत दिसली तर प्लॅस्टिकचं लॅमिनेशन आहे. मग ती धड कुजत नाही, धड धुताही येत नाही. नॉन-वोव्हन पिशवी कापडासारखी दिसते, पण ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच.

१० औंसाचा कॅनव्हास घ्या, म्हणजे साधारण ३४० जीएसएम (चौरस मीटर कापडाचं वजन, ग्रॅममध्ये). डबा, बाटली आणि रेनकोट एवढं वजन रोज उचलायचंय. पिशवी नेहमी बंदाच्या जोडापाशी उसवते, म्हणून बंद तळापर्यंत नेऊन शिवलेला हवा आणि तोंडाशी चौकोन टाकून मध्ये फुलीची टीप. छपाईला ‘वॉटर-बेस शाई’ असं कोटेशनमध्ये लिहूनच घ्या. नाहीतर प्लॅस्टिसॉल वापरतात आणि त्यात पीव्हीसी असतं. नमुना एकदा धुऊन बघा, कोरा कॅनव्हास आटतो.

बचत गटाकडून शिवून घेणार असाल तर महिनाभर आधी ऑर्डर द्या, गणपती-दिवाळीच्या तोंडावर दीड महिना. कापडाचा आगाऊ पैसा मात्र त्यांच्यावर ढकलू नका.

पॉलिएस्टरचा टी-शर्ट फ्लोअरवर नकोच. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगची ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. रिसायकल्ड असलं तरी धुताना प्लॅस्टिकचे बारीक तंतू नाल्यात जायचे ते जातातच. १८० जीएसएमचा सुती घ्या, तोही माप विचारून. अंदाजाने मागवलेल्या गठ्ठ्यातले एस आणि डबल एक्सएल शेवटी मशीन पुसायच्या चिंध्या होतात.

ओली_माती

सीड पेन काढा. रिफिल आणि टोक प्लॅस्टिक-धातूचंच असतं, आणि दमट हवेत बी लवकर मरतं. पावसाळा स्टोअरमध्ये काढलेल्या पेनातून काही उगवेल याची खात्री नाही. बियांच्या कागदावर पत्र छापायचं असेल तर स्क्रीन प्रिंट करा. लेझर प्रिंटरच्या गरम रोलरखालून गेलं की बी भाजून निघतं.

रोप फक्त ऑफिसवाल्यांना, तेही मागतील त्यांना. पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये कुंडी सांभाळत कोण जाणार? स्नेक प्लँट एसीत तगतं, पण माती पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. ऑफिसातली झाडं तहानेपेक्षा लाडाने जास्त मरतात.

पुरवठादार बदली म्हणून बांबूचा पेनस्टँड देऊ करेल. तो बोरिक-बोरॅक्सची प्रक्रिया केलेला आहे का ते विचारा. नसेल तर आतून भुंगा लागतो आणि टेबलावर पिवळट पीठ पडायला लागतं.

आकडेमोड

वस्तूंचं झालं, आता गळतीचं. बाटलीसाठी कोणी नोकरीत राहत नाही. किटचा उपयोग एवढाच की ती हातात देण्याच्या निमित्ताने कोणीतरी त्या माणसाशी दहा मिनिटं बोलतं. म्हणून एकदम देऊ नका:

पहिला दिवस: पिशवी आणि कोरी बाटली.
सातवा दिवस: बाटलीवर नाव. तेव्हाच विचारा: सांगितलं होतं तेच काम मिळालं का, बस वेळेवर येते का, खोली मिळाली का.
तिसावा दिवस: स्टीलचा डबा, सुपरवायझरच्या हातून. एचआरने दिला तर निम्मा उपयोग वाया.
नव्वदावा दिवस: टी-शर्ट. माप तोवर कळलेलं असतं, आणि सोडून गेलेल्यांचे टी-शर्ट शिल्लक उरत नाहीत.

सेफ्टी शूज या १,००० रुपयांत धरू नका, ते देणं कारखान्याचं कामच आहे. पण योग्य मापाचे बूट पहिल्या दिवशी तयार नसतील तर वरचं सगळं फुकट. दुसरी गोष्ट पगाराच्या कट-ऑफची, म्हणजे ज्या तारखेपर्यंतची हजेरी त्या महिन्याच्या पगारात धरतात तिची. कट-ऑफ २५ तारीख असेल तर २६ ला रुजू झालेल्याचा पहिला पगार पाच-सहा आठवड्यांनी हातात पडतो. खोलीचं डिपॉझिट भरून आलेल्या पोराला तेवढा दम नसतो. अशांना उचल द्या किंवा कट-ऑफनंतर रुजूच करू नका.

मोजणीचं सांगतो. ६० पैकी २० टक्के म्हणजे १२ जण. काहीही न बदलता हा आकडा एका तिमाहीत ९, दुसरीत १५ सहज होतो, कारण एवढ्या लहान गटात नुसत्या योगायोगाने ३ चा चढउतार असतो. ‘१२ चे ९ झाले, किटचा विजय’ असं सादरीकरण करू नका. चार तिमाह्यांची बेरीज घ्या आणि मागच्या वर्षाच्या त्याच चार तिमाह्यांशी ताडा, कारण सुगी आणि दिवाळीच्या सुमाराला गळतीचं चित्र तसंही वेगळंच असतं. सोडणाऱ्यांचे तीन गट पाडा: १ ते ७, ८ ते ३०, ३१ ते ९० दिवस. पहिला गट मोठा असेल तर दोष भरतीच्या वेळी दिलेल्या माहितीत शोधा.

चाकण_एचआर

सर्वांचे आभार. बांबूचा मग आणि सीड पेन काढले. रोप ऐच्छिक, टी-शर्ट सुती. दोन शंका उरल्या. ठेकेदाराकडच्या कामगारांचं काय? आणि अकाउंट्सवाले जीएसटीचं विचारताहेत.

आकडेमोड

एकाच लाइनवर शेजारी उभे राहणाऱ्यांपैकी एकाला बाटली, दुसऱ्याला नाही, असं करू नका. पैसे कमी पडले तर डबा सगळ्यांचाच काढा.

जीएसटीत भेट म्हणून दिलेल्या वस्तूंवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, कलम १७(५)(ज). म्हणून १,००० चा हिशेब करासकट धरा. कर्मचाऱ्याला वर्षात ५०,००० रुपयांपर्यंतच्या भेटीवर मात्र पुरवठा म्हणून कर लागत नाही. ठेकेदाराचे कामगार तुमचे कर्मचारी धरले जातील का, हे सीएला विचारूनच नोंद करा.

टाके_आणि_टीप

आणि तो खोका रद्द करा. बाटली, पत्र सगळं पिशवीतच मावतं. बाटलीभोवतीची प्लॅस्टिकची पिशवीही नको असेल तर ऑर्डरमध्ये तसं लिहा, एकेक बाटली पातळ कागदात गुंडाळून बारा-बाराच्या पुठ्ठ्यात मागवा. न लिहिता सोडलं तर प्लॅस्टिकमध्येच येतात.