२०२१ चा फॉर्म्युला वन मोसम : तुमच्या मते तो कोणत्या शर्यतीत ठरला?

१२ डिसेंबर २०२१ रोजी अबू धाबीच्या यास मरिना ट्रॅकवर, मोसमातल्या शेवटच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत मॅक्स व्हर्स्टापेनने लुईस हॅमिल्टनला मागे टाकले आणि ३९५.५ विरुद्ध ३८७.५ गुणांनी विश्वविजेतेपद मिळवले. त्या मोसमाचा विषय निघाला की बोलणे त्या एका फेरीपासून सुरू होते आणि तिथेच संपते, याचे मला वाईट वाटते, कारण त्या वर्षी २२ शर्यती झाल्या आणि त्यांतली एकही मी चुकवली नव्हती. माझ्यापुरते सांगायचे तर या मोसमाचा स्वभाव पहिल्याच शर्यतीत कळला होता. बहारीनला व्हर्स्टापेनने चौथ्या वळणावर हॅमिल्टनला मागे टाकले खरे, पण ते ट्रॅकची हद्द ओलांडून, त्यामुळे त्याला जागा परत द्यावी लागली आणि हॅमिल्टन एका सेकंदापेक्षाही कमी फरकाने जिंकला. वेगवान कोण, याइतकाच हद्द कुठे संपते हा प्रश्न वर्षभर पुरणार, असे त्या दिवशी वाटले आणि तसेच झाले. ज्यांनी तो मोसम मन लावून पाहिला, त्यांनी शेवटची फेरी क्षणभर बाजूला ठेवून आपापला अनुभव लिहावा, ही विनंती.

* * *

मी पहिल्यापासून व्हर्स्टापेनच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोनला येताना त्याच्याकडे ३२ गुणांची आघाडी होती. पहिल्याच फेरीत कॉप्स नावाच्या वळणावर त्याची आणि हॅमिल्टनची चाके भिडली आणि व्हर्स्टापेनची गाडी टायरच्या भिंतीवर आदळली. तो स्वतः चालत बाहेर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या धडकेचा जोर ५१ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५१ पट होता, हे नंतर कळले. हॅमिल्टनला १० सेकंदांचा दंड झाला, तरीही शेवट जवळ आलेला असताना आघाडीवरच्या लेक्लेरला गाठून त्याने शर्यत जिंकली. तेव्हा मला तो दंड फारच थोडा वाटला होता. आता पुन्हा पाहताना पटते की पंचांनी अपघाताचा परिणाम नव्हे, तर चूक तोलायची असते, आणि चूक तेवढ्याच वजनाची होती. लगेच पुढे हंगेरीत पहिल्या वळणावर हॅमिल्टनचा संघसहकारी बोटास दुसरा एक चालक नॉरिसवर आदळला, नॉरिस व्हर्स्टापेनवर, आणि मोडक्या गाडीने व्हर्स्टापेनला शर्यत पूर्ण करावी लागली. दोन शर्यतींत ३२ गुणांची आघाडी जाऊन ८ गुणांची पिछाडी आली. त्याचे विजेतेपद या पिछाडीतून वर येऊन मिळवलेले आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

* * *

अझरबैजानमधले बाकूही यात मोजावे. शर्यत जिंकत आलेल्या व्हर्स्टापेनचा मागचा टायर फुटला, आणि थांबवलेली शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा हॅमिल्टन पहिल्या वळणावर सरळ बाहेर गेला. दोघांनाही तिथे एकही गुण मिळाला नाही.

* * *

माझे मन अजूनही बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीबद्दल खंतावते. शनिवारी भर पावसात जॉर्ज रसेलने विल्यम्स या दुबळ्या संघाची गाडी दुसऱ्या क्रमांकावर आणली होती आणि सुरुवातीचा क्रम ठरवणारी ती पात्रता फेरी मी श्वास रोखून पाहिली होती. रविवारी मात्र सेफ्टी कारमागून (धोक्याच्या वेळी सगळ्यांचा वेग रोखून पुढे धावणारी गाडी) मोजक्या फेऱ्या झाल्या, एकही ओव्हरटेक झाला नाही आणि अर्धे गुण वाटले गेले. व्हर्स्टापेनला १२.५ आणि हॅमिल्टनला ७.५ मिळाले. हे गुण दिलेच नसते, तर अबू धाबीला दोघे ३६९.५ अशा बरोबरीने नव्हे, तर हॅमिल्टन ५ गुणांनी पुढे अशा स्थितीत पोहोचले असते. शेवटचा निकाल तोच राहिला असता तर विजेताही तोच राहिला असता, हेही खरे आहे. तरीही जी शर्यत झालीच नाही तिचे गुण द्यावेत, हे मला आजही मान्य नाही.

* * *

विजेतेपदाच्या चढाओढीत नसलेल्या एका चालकाचा अनुभव मला लिहायचा आहे. रशियातल्या सोचीत लँडो नॉरिसने कारकिर्दीतील पहिली पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीचे पहिले स्थान, मिळवली होती आणि शर्यतीतही तो आघाडीवर होता. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना पाऊस सुरू झाला. ट्रॅकचा एक भाग ओला आणि दुसरा कोरडा असताना टायर बदलायला पिटमध्ये यायचे की नाही, हा निर्णय मागच्या चालकासाठी सोपा असतो, कारण त्याला गमावण्यासारखे थोडेच असते. आघाडीवर असलेल्याला मात्र पहिला विजय हातचा सोडून आत यायचे असते. हॅमिल्टनने संघाचे ऐकून ओल्या ट्रॅकसाठीचे इंटरमिजिएट टायर घेतले. नॉरिसने रेडिओवर नकार दिला आणि तो कोरड्या ट्रॅकसाठीच्या स्लिक टायरवरच राहिला. पाऊस वाढला, त्याची गाडी घसरली आणि तो सातवा आला. हॅमिल्टनचा तो १०० वा विजय होता. शेवटच्या स्थानावरून निघालेला व्हर्स्टापेन त्याच पावसामुळे दुसरा आला, आणि त्या १८ गुणांकडे पाहिले की सोचीचे वजन कळते. मला मात्र आठवतो तो हेल्मेटमधला खाली झुकलेला चेहरा. मीही त्या क्षणी 'आत येऊ नकोस' असेच मनात म्हणत होते.

* * *

माझ्यासाठी ब्राझीलमधले इंटरलागोस. डीआरएस (ओव्हरटेक सोपे व्हावे म्हणून मागची विंग उघडणारी यंत्रणा) उघडल्यावर मागच्या विंगमधली फट ८५ मिलिमीटरपेक्षा जास्त भरली, म्हणून हॅमिल्टन पात्रता फेरीतून बाद झाला. तो स्प्रिंटमध्ये, म्हणजे शनिवारच्या छोट्या शर्यतीत, विसाव्या स्थानावरून पाचवा आला, नव्या इंजिनाच्या दंडामुळे रविवारी दहाव्या स्थानावरून निघाला आणि जिंकला. ४८ व्या फेरीत व्हर्स्टापेनने त्याला चौथ्या वळणावर ट्रॅकबाहेर नेले, त्याची साधी चौकशीही झाली नाही, तरी न चिडता ५९ व्या फेरीत हॅमिल्टनने त्याच वळणाआधी व्हर्स्टापेनला मागे टाकले. एवढी शांतपणे केलेली जिद्द मी कुठल्याही खेळात क्वचितच पाहिली आहे.

* * *

शेवटची फेरी बाजूला ठेवणे मला जमत नाही, क्षमा असावी. अबू धाबीत लतीफी या चालकाच्या अपघातानंतर सेफ्टी कार आली, तेव्हा फेरीने मागे पडलेल्या सगळ्या गाड्यांना पुढे जाऊ देण्याऐवजी या दोघांमधल्या पाचच गाड्यांना सोडले गेले. जुन्या हार्ड टायरवरच्या हॅमिल्टनकडे जास्त पकड देणाऱ्या नव्या सॉफ्ट टायरवरच्या व्हर्स्टापेनला रोखण्याचा उपायच नव्हता. मार्च २०२२ मधील अहवालात एफआयएने (या खेळाची नियामक संस्था) ही मानवी चूक असल्याचे म्हटले आणि निकाल कायम ठेवला. मोसमभराची कामगिरी पाहता व्हर्स्टापेन विजेतेपदाला पात्रच होता. तो १० शर्यती जिंकला. पण नियम पाळून हरण्याचा हक्क हॅमिल्टनलाही होता.

* * *

त्याच दिवशी किमी रायकोनेनची शेवटची शर्यत होती. ब्रेकच्या बिघाडामुळे त्याला ती अर्ध्यावर सोडावी लागली. २००७ च्या विश्वविजेत्यासाठी मी फॉर्म्युला वन पाहू लागलो होतो, त्यामुळे माझा मोसम सेफ्टी कार येण्याच्या कितीतरी आधी संपला होता.