'गेट लॉज' म्हणजे देवडी का?

चिरेबंदी
इंग्लंड-आयर्लंडमधल्या जमीनदारी घरांच्या फाटकाशी जी छोटी इमारत असते, त्या 'गेट लॉज'ला लेखात मराठीत काय म्हणावं? 'लॉज' तसंच ठेवलं तर वाचकाला एसटी स्टँडसमोरचं 'बोर्डिंग-लॉजिंग' आठवतं. 'देवडी' चालेल?

अडसर
सरसकट नको. वाड्याच्या दरवाज्यातून आत शिरलं की दोन्ही अंगांना जोत्यावर उंच केलेल्या बसायच्या जागा, त्या देवड्या. किल्ल्यांतही दरवाज्याच्या आत पहारेकऱ्यांच्या देवड्या असतात. समोरून मोकळ्या. चूल नाही, न्हाणी नाही. पहाऱ्याची पाळी संपली की माणूस घरी जातो.

गेट लॉज हे मुळात राहतं घर. फाटकवाला बायकामुलांसह तिथेच राहायचा, आणि मालकाचं घर कधीकधी मैलभर आत, झाडीआड. बहुतेक लॉज एकमजली, दोन-तीन खोल्यांची. वाटेच्या बाजूला बऱ्याचदा तीन अंगांची खिडकी भिंतीबाहेर काढलेली असते, कारण येणारी आणि जाणारी, दोन्ही गाड्या घरातूनच दिसायला हव्यात. दर्शनी बाजूला घडीव दगड आणि इमारतीच्या मानाने भलतीच उंच धुराडी, मागची बाजू मात्र अगदी साधी. मालकाची ऐपत रस्त्यावरून दिसावी, हा त्यातला खरा हेतू.

ढेलज
सोलापूर-मराठवाड्याकडे देवडीच्याच जागेला ढेलज किंवा ढाळज म्हणतात (फारसी दहलीज). पण तीही घराला चिकटलेलीच, त्यामुळे अडचण तीच राहते.

जुळ्या लॉजचं काय करणार? फाटकाच्या दोन बाजूंना दोन सारख्या खोल्या, कुटुंब मात्र एकच. एकीत स्वयंपाक, दुसरीत झोपणं, आणि पावसात मधली वाट ओलांडायची. नकाशावर समतोल सुंदर दिसतो, राहणाऱ्याचे हाल.

चिरेबंदी
मूळ प्रश्न आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यातल्या ड्रोमाना या जमीनदारी घराच्या प्रवेशद्वारावरून निघाला. फिनिस्क नदीवरच्या पुलाच्या टोकाला कमान, वर कांद्याच्या आकाराचा घुमट, बाजूला मिनार, खिडक्या गॉथिक टोकदार. 1826 साली तिथले मालक हेन्री व्हिलियर्स-स्टुअर्ट लग्न करून आले तेव्हा स्वागतासाठी असलं द्वार तात्पुरत्या सामानात उभारलं होतं. ते आवडलं म्हणून 1849 च्या सुमारास पक्कं बांधलं. शैलीचं नाव 'हिंदू-गॉथिक'!

अडसर
घुमट-मिनाराला 'हिंदू' म्हणणं हा तिकडचा त्या काळचा ढोबळपणा. नावाचं भाषांतर करा, पण अवतरणचिन्हांत.

मात्र तिथे खोल्या कमानीच्या दोन्ही अंगांना, तिच्याशी जोडलेल्या आहेत. त्यामुळे नेमकं त्या एका ठिकाणी 'देवड्या' शोभेल. खोली वाटेचा भाग असेल तर देवडी, सुटं घर असेल तर फाटकघर.

गजबार
'फाटकघर' चांगला आहे, 'द्वारगृह'सारखा बातम्या वाचल्यागत वाटत नाही. मात्र आपल्या रेल्वेच्या कागदांत फाटकवाल्याच्या खोलीला 'गेट लॉज'च म्हणतात, म्हणून पहिल्यांदा वापरताना अर्धी ओळ खुलासा द्या.

लेखात लॉजच्या डागडुजीचा भाग असेल तर आणखी एक शब्द सांभाळा: गवंडी दगडांमधल्या सांध्यांना 'दरजा' म्हणतात. तो 'दर्जा' लिहिलात तर वाचक गुणवत्ता समजेल. जुन्या लॉजचं वाटोळं बहुधा तिथेच होतं. चुन्याच्या बांधकामात सिमेंटच्या दरजा भरल्या की आतली ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, ती दगडातून वाट काढते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चुन्यानेच भरायच्या, आणि जुना भराव काढायला यंत्र नको, छिन्नी-हातोडी. फाटकाच्या खांबात लोखंडी आकडे शिसं ओतून बसवलेले असतात. शिशाची बैठक हलली की पाणी शिरतं, लोखंड गंजून फुगतं आणि खांबाचा कोपरा उडतो. खांबाला तडा दिसला की आधी आकडा तपासायचा, मग पाया.

ढेलज
खांबापासून रस्त्याकडे उघडत जाणाऱ्या वळणदार भिंतींना 'कठडा' लिहू नका. त्या पाव-गोलाच्या भिंती, घोडागाडी वळायला जागा मिळावी म्हणून. 'वळणभिंत' पुरे.