पुण्यात दोन लहान मुलं आणि साबांना (सासूबाईंना) घेऊन नाश्त्याला कुठे जावं?

चिऊकाऊ:
लोकहो, मदत हवीय. येत्या शनिवारी साबांचा वाढदिवस. फर्माईश एकच, "घरात काही मांडू नका, सगळे मिळून बाहेर नाश्त्याला जाऊ." सगळे म्हणजे आम्ही दोघं, साबा, चार वर्षांची लेक आणि चौदा महिन्यांचा एक भूकंप. राहायला कोथरूडला.

मागच्या महिन्यात फोटोत फार गोड दिसणाऱ्या एका नव्या कॅफेत गेलो होतो. उंच स्टुलं, काचेची टेबलं. बाळाची खुर्ची मागितली, आली, पण तिचा पट्टा तुटलेला. ऑर्डर यायला चाळीस मिनिटं. तोवर चिरंजीवांनी साखरेच्या पुड्या फोडल्या आणि शेजारच्या मुलाच्या लॅपटॉप-बॅगेवर कोल्ड कॉफी ओतली. तो बिचारा "इट्स ओके काकू" म्हणाला. काकू! चौतीस वर्षांची आहे मी. असो.

घसरगुंडी-बिसरगुंडी नको. मोकळी जागा, पटकन येणारं खाणं, आणि मूल रडलं तर कोणी माना वळवून बघणार नाही, एवढं मिळालं तरी पुरे.

खारीबुडवा:
डेक्कनवरचं गुडलक कॅफे! 1935 पासून उभं आहे, तुमचा भूकंपही सोसेल. बनमस्का आणि चहा, विषय संपला.

चिऊकाऊ:
चहा चौदा महिन्यांच्याला? साबा मला हाकलतील. आणि शनिवारची रांग?

खारीबुडवा:
चहा तुम्हाला हो, त्याला नुसता बन. रांगेचं मात्र खरंय, मागे घेतो.

तिघांचेआजोबा:
अगं, जागा कुठली यापेक्षा वेळ कुठली ते आधी ठरव. मी तीन नातवंडांना एकट्याने नेतो, त्यामुळे अधिकारवाणीने सांगतो: आठच्या आत टेबलावर. नऊनंतर पुण्यात कुठलंही नाव असलेलं ठिकाण मुलांसाठी नसतं.

फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली. आतल्या दालनात बसू नकोस, मागे उघड्यावर झाडांखाली बसतात तिथे जा. मुलांच्या आवाजाला छप्पर लागत नाही, मग तो टोचत नाही. भिंतीकडची बाजू पकड, म्हणजे धाकटा निसटला तरी एकाच दिशेने निसटेल. बसल्या बसल्या इडली सांग, मेनू नंतर बघ. सांबार वेगळ्या वाटीत, मुलांपासून लांब. घरून तुपाची छोटी डबी आणि त्याचा नेहमीचा चमचा ने. हॉटेलचा स्टीलचा चमचा एवढ्याशा तोंडाला मोठा होतो, मग खाणं कमी आणि वाजवणं जास्त. एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी) मोठ्यांनी मागवा, पण मुलांची पोटं भरल्यावर. बिल लगेच मागून ठेव. मुलं "आता बास" म्हणतात तेव्हा तुझ्या हातात पाचच मिनिटं असतात.

मग चालत संभाजी उद्यान. जंगली महाराज रस्त्याचा पदपथ आता चांगला रुंद आहे, बाबागाडी नीट चालते. फक्त एक लक्षात ठेव, महापालिकेच्या बागा भर दुपारी बंद असतात. गेटवरची पाटी बघ, नाहीतर पोरीचं भोकाड तुलाच ऐकावं लागेल. आमच्या मधल्याने ते अख्ख्या रस्त्याला ऐकवलंय.

कॅम्पातली:
आजोबांना सादर प्रणाम, पण वैशालीत निवांत?? अर्धी इडली ताटात असताना मागे रांगेतला माणूस तुमच्या खुर्चीवर डोळा ठेवून उभा असतो. मी मार्झोरिन म्हणेन. वरची गॅलरी, खाली एमजी रोड, मुलं रिक्षा मोजत बसतात. चटणी सँडविचचे पातळ तुकडे लेकीच्या हातात बरोबर बसतील. कठड्यालगतचं टेबल मात्र घेऊ नका. येताना कयानी बेकरीतून श्रूजबेरी बिस्किटं घ्या, दुपारी ते बंद असतात, आधीच उरका.

तिघांचेआजोबा:
रांगेतला माणूस आठच्या आत येत नाही, मॅडम. तो झोपलेला असतो.

डबापिशवी:
मुलांच्या दवाखान्यात काम करते म्हणून एकच सांगते. पोह्यातले, साबुदाणा वड्यातले शेंगदाणे दोघांनाही देऊ नका. अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो, हे चार वर्षांच्या मुलीलाही लागू आहे. द्राक्षं दिलीच तर उभी चिरून. आणि डायपर बदलायला सोय असेल हे गृहीत धरू नका, एक जाड चादर गाडीत टाका.

कोथरूडी:
गाडीच नको. फर्ग्युसन रस्ता एकमार्गी, पार्किंग शोधता शोधता धाकटा झोपेल आणि तुम्ही उतरताच उठेल. वनाजहून मेट्रो धरा, छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर उतरा. लिफ्ट आहे. लेकीसाठी तर मेट्रो हाच अर्धा वाढदिवस.

खारीबुडवा:
लेकीला गाडीच हवी असेल तर पेशवे पार्कची फुलराणी, मुलांची छोटी आगगाडी! 1956 साली सुरू झाली, साबाही बसल्या असतील लहानपणी.

चिऊकाऊ:
जाऊन आलो! वृत्तांत: मेट्रोने गेलो, पावणेआठला वैशालीत मागे झाडाखाली. इडली खरंच लगेच आली. धाकट्याने दीड इडली खाल्ली, उरलेली अर्धी साबांच्या नव्या साडीच्या निऱ्यांत सापडली, घरी आल्यावर. त्या इतक्या हसल्या की मी रागवायचं विसरले. लेकीने एसपीडीपीतली शेव वेचून वेचून खाल्ली आणि "पुरीला भोक का पाडलंय" हे वेटरदादांना तीनदा विचारलं. त्यांनी तिन्ही वेळा उत्तर दिलं.

बागेत साडेनऊला पोहोचलो, तासभर मिळाला. फुलराणीचं साबांना विचारलं. त्या म्हणाल्या, "बसले होते, आणि उतरायला नको म्हणून रडले होते." पुढच्या वेळी तिकडेच. डबापिशवी, चादर कामी आली, धन्यवाद. आजोबा, बिल आधी मागितलं होतं, अगदी पाचच मिनिटं मिळाली.

तिघांचेआजोबा:
तुपाची डबी नेली होतीस का?

चिऊकाऊ:
घरीच राहिली.

हिंजवडीग्रस्त:
धागा वाचला, छान आहे, पण सगळं डेक्कन आणि कॅम्प. आमच्याकडचं कोणी सांगेल का? जुळे आहेत, अडीच वर्षांचे.