थ्री नॉट थ्रीची पुंगळी: नुसती मान आवळावी, सगळी केस दाबावी, की घरी भरूच नये?

लाँगब्रांच४३ (मिसिसागा)
परवा नेमबाजीच्या रेंजवर एका ज्येष्ठ सभासदांनी माझ्या हातातली पुंगळी (वापरलेल्या काडतुसाची पितळी केस, जी पुन्हा भरता येते) पाहिली आणि म्हणाले, "जुन्या लष्करी रायफलीला घरी भरलेलं काडतूस घालू नकोस. दुकानातली पेटी आण, वापर, टाकून दे." मला हे अजिबात पटलेलं नाही. का, ते सांगतो. तुमचं वेगळं मत असेल तर जरूर लिहा.

माझ्याकडे थ्री नॉट थ्रीची (.३०३) लष्करी रायफल, ली-एनफिल्ड नंबर ४ मार्क १*, आहे, १९४३ ची. ती बनली तो लाँग ब्रांचचा कारखाना माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर होता. या रायफलीचं चेंबर (काडतूस बसतं ती नळीची मागची पोकळी) मुद्दामच सैल कापलेलं असतं. खंदकातला चिखल, वाळू लागलेलं काडतूस, काहीही असो, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) बंद झालाच पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. .३०३ चं काडतूस मागच्या कडेवर टेकतं, त्यामुळे पुढे खांद्यापाशी (जिथे पुंगळी मानेकडे निमुळती होते) कितीही मोकळी जागा असली तरी बार उडतोच. कडेसाठी बोल्टच्या तोंडाशी लष्करी मापाने ०.०६४ ते ०.०७४ इंच जागा चालते. दुकानातून आणलेल्या पुंगळीची कडा माझ्या कॅलिपरवर ०.०५९ भरली. म्हणजे पहिल्याच बाराला पुंगळी पुढे चिकटते आणि तिचा बुडखा मागे सरकतो. त्यात या बोल्टचे लग (त्याला अडकवून ठेवणारे कान) मागच्या बाजूला असतात, म्हणून दाबाखाली बोल्टही किंचित दबतो. हा सगळा ताण येतो बुडख्याच्या जरा वर, आणि तिथलं पितळ पातळ होतं.

आता ही पुंगळी फुल-लेंग्थ डायमध्ये, म्हणजे सगळी केस दाबून मूळ मापावर आणणाऱ्या साच्यात, घातली, की खांदा पुन्हा मागे ढकलला जातो. पुढच्या बाराला पुन्हा तोच ताण. तिसऱ्या-चौथ्या वेळी तिथे चकचकीत कडं दिसायला लागतं, आणि मग एक दिवस बुडखा बाहेर येतो, पुढचा भाग चेंबरातच राहतो. माझ्या बाबतीत हे सुरुवातीलाच झालं. तेव्हा मी डाय तळापर्यंत दाबत होतो.

आता मी फक्त मान, म्हणजे गोळी धरणारं पुढचं तोंड, आवळतो. नव्या पुंगळीला पहिल्या बाराआधी कडेच्या पुढे एक छोटी रबरी रिंग घालतो, म्हणजे बुडखा बोल्टला टेकून राहतो आणि पितळ पुढच्या बाजूला पसरतं. त्यानंतर काडतूस खांद्यावर टेकतं. दारू मॅन्युअलमधल्या सौम्य टोकाची. शिवाय नळीतून मऊ शिशाचा गोळा ठोकून काढला तर ०.३१४ भरला, आणि दुकानातली गोळी ०.३११ ची येते. अशा झिजलेल्या नळीला तिच्या मापाची गोळी द्यायची तर घरी भरण्याशिवाय मार्ग नाही. या रायफलीची खरी काळजी हीच, असं माझं ठाम मत आहे.

रॉकीज_वाटाड्या (कॅलगरी)
दादा, रेंजवर तुमचं सगळं बरोबर. जंगलात नाही.

मी मूजच्या (इथलं मोठं हरीण) शिकारीला जातो. नुसती मान आवळलेली पुंगळी दोन-तीन बारांनंतर चेंबरात घट्ट बसायला लागते. हातमोजे घातलेले, बोटं बधिर, समोर जनावर, आणि बोल्टचा दांडा शेवटचा अर्धा इंच खाली जात नाही. माझ्यावर ही वेळ आलेली आहे. मी जोर लावला तोवर जनावर झाडीत गेलं. त्या दिवशी मी ठरवलं, शिकारीची काडतुसं फुल-लेंग्थ डायमधूनच काढायची. फक्त डाय तळाला टेकवायची नाही, थोडी वर ठेवायची, खांदा केसभरच मागे जाईल एवढी. पुंगळी चारदा वापरली की भंगारात. पितळ महाग आहे हे मान्य. पण ही रायफल चिखलातही चालावी म्हणून चेंबर सैल ठेवलं, हे तुम्हीच लिहिलंय. मग आपणच घट्ट काडतूस घालून तिचा तो गुण का घालवायचा?

निवृत्त_फिटर (ब्रॅम्प्टन)
मी ज्येष्ठ सभासदांच्या बाजूने आहे. चाळीस वर्षं लेथवर काढली आहेत, धातू दमतो हे हातांना कळतं. ऐंशी वर्षांपूर्वीच्या बोल्टने आजवर किती बार सोसले, याची नोंद कुठेही नाही. नंबर ४ चे बोल्ट हेड (बोल्टचं पुढचं, बदलता येणारं डोकं) ० ते ३ अशा चार मापांचे येतात. लष्कराने विकून टाकलेल्या (सरप्लस) रायफलीत कुणी कधी कुठलं बसवलं, देव जाणे. तुम्ही रबरी रिंग, कॅलिपर, शिसं, सगळं लिहिलंत. बोल्ट आणि बॉडीवरचे नंबर जुळतात का, गेज (कडेची मोकळी जागा मोजणारा मापाचा तुकडा) लावून तपासलं का, याबद्दल एक ओळ नाही. ते आधी व्हायला हवं होतं.

दुसरी गोष्ट दारूची. सौम्य भार म्हणजे पुंगळीत मोकळी जागा, आणि मोकळी जागा म्हणजे चुकून दोनदा दारू पडली तरी वरून कळत नाही. दुकानातल्या काडतुसात हा धोका यंत्राने तपासलेला असतो. घरी रात्री दहाला, कामावरून आल्यावर, शेजारी फोन वाजत असताना कोण तपासतं?

नागपूर_नेमबाज
भारतातल्या वाचकांसाठी एवढंच सांगतो. इकडे .३०३ हा प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे, सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. म्हणून तर इशापूरच्या कारखान्याची नागरी रायफल .३१५ मध्ये आली. आणि काडतूस बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो. हे वाचून इथे कुणी काडतुसं भरायचं प्रेस (यंत्र) मागवू नका. थ्री नॉट थ्री आपण पाहिली ती पोलिसांच्याच खांद्यावर. २००८ च्या नोव्हेंबरात सीएसटीवरही काही पोलिसांकडे तीच होती.

खडकीची_लेक (पुणे)
मी बंदूक कधी हातात धरलेली नाही, तरी लिहिते. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. १८६९ चा कारखाना तो. तिथली .३०३ ची काडतुसं जगभर गेली, बुडख्यावर के आणि एफ ही अक्षरं. तुमच्यापैकी कुणाच्या डब्यात असतीलही.

बाबा कामावरून आले की आधी अंगणात कपडे बदलायचे. काडेपेटी त्यांच्या खिशात कधीच नसायची, आणि खिळे नसलेले बूट वेगळे ठेवलेले असायचे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: भरणारा आणि तपासणारा एकच माणूस नसावा. आपण आपलीच चूक पाहतो तेव्हा डोळा ती दुरुस्त करून पाहतो, असं ते म्हणायचे. लाँगब्रांचदादा, तुमची मापं वाचून तुम्ही काळजी घेता हे दिसतंच. पण तुमच्या टेबलाशी दुसरा डोळा कुणाचा?

आणि आमच्याकडची जुनी काडतुसं कुणाकडे असतील तर त्यांच्या पुंगळ्या पुन्हा भरायच्या फंदात पडू नका. त्यांचं प्रायमर (बुडख्यातली ठिणगी देणारी टोपी) बर्डन पद्धतीचं, तुमची डाय बॉक्सर या दुसऱ्या पद्धतीची, तिची पिन त्यातून जाणार नाही. प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं, त्याचं मीठ नळीत उरतं आणि हवेतली ओल ओढून गंज धरतं. बाबा सांगायचे, शिपाई आधी उकळतं पाणी ओतायचा, तेल नंतर. नुसत्या तेलाने मीठ निघत नाही.

रॉकीज_वाटाड्या (कॅलगरी)
ताई, पाण्याचं अगदी खरं. मी एकदा जुनी सरप्लस पेटी वापरून रायफल नुसतं तेल लावून ठेवली होती. आठवड्याने नळीत तांबूस थर.

लाँगब्रांच४३ (मिसिसागा)
फिटरकाका, तुमची तक्रार रास्त आहे. नंबर जुळतात हे मी पाहिलं होतं, पण गेज लावलं नव्हतं. शनिवारी क्लबच्या गनस्मिथकडे जाऊन लावलं. ०.०६४ वर बोल्ट बंद होतो, ०.०७४ वर होत नाही. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

दारूबद्दल मात्र तुमचं मानत नाही. मी मुद्दाम फुगीर दाण्याची दारू घेतो. मॅन्युअलमधला भारच पुंगळी अर्ध्याहून जास्त भरतो, दुसऱ्यांदा पडली तर टेबलावर सांडते. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून वरून टॉर्च मारतो, आणि मगच गोळी बसवतो.

ताई, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. आता टॉर्च मारायचं काम बायकोकडे दिलं आहे. तिने परवा पहिल्याच ठोकळ्यात एका पुंगळीकडे बोट दाखवलं, "ही बाकीच्यांपेक्षा खाली दिसते." वजन केलं तर खरंच कमी होती. तपासताना माझी नजर तिच्यावरून गेली होती.

वाटाड्या, तुमच्यासाठी काल सहा पुंगळ्या करवतीने उभ्या कापल्या. सगळ्या पाच-पाच बार झालेल्या, नुसती मान आवळलेल्या. पाचांच्या भिंती सारख्या जाडीच्या. सहावीत बुडख्याच्या वर आतून खाच, नखाला लागेल इतकी. वही पाहिली, ती रबरी रिंग लावायला लागण्याआधीच्या लॉटमधली निघाली. त्या लॉटच्या उरलेल्या एकतीस भंगाराच्या डब्यात गेल्या.

निवृत्त_फिटर (ब्रॅम्प्टन)
सहातली एक. बाहेरून दिसत होती का?

लाँगब्रांच४३ (मिसिसागा)
नाही काका. बाहेरून गुळगुळीत होती. वाकवलेली पेपरक्लिप आतून फिरवली असती तर अडकली असती, पण त्या लॉटला मी ती फिरवली नव्हती.

निवृत्त_फिटर (ब्रॅम्प्टन)
मग माझं मत तेच राहील. रविवारी रेंजवर येतोय, तुमच्या कापलेल्या सहाही घेऊन या.