ब्लिट्झ खेळून ब्लिट्झ सुधारत नाही

काळा_घोडा

रात्री जेवणं आटपली की ऑनलाइन बुद्धिबळाचे तीन मिनिटांचे डाव, म्हणजे ब्लिट्झ, लावून बसणारे इथे बरेच आहेत, म्हणून हा धागा. ज्यांचं रेटिंग वर्षानुवर्षं त्याच शंभर-दीडशे गुणांत वरखाली होतंय, त्यांचा खेळ कमी पडत नाही. डाव हरला की तो न बघता लगेच पुढचा लावतात, तिथे घोळ आहे.

नेहमी दिसणारी गोष्ट घ्या. ई४ ई५ (दोघांची राजासमोरची प्यादी दोन घरं पुढे), घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, आणि पांढऱ्याचा घोडा जी५ वर. काळा डी५ करतो, पांढरा प्याद्याने मारतो, काळा घोड्याने परत मारतो. की पांढऱ्याचा घोडा एफ७ वर पडलाच! राजाने तो मारला की वजीर एफ३ वर येऊन शह देतो, आणि डी५ वरचा घोडा वाचवायला राजाला ई६ वर, पटाच्या मध्यावर यावं लागतं. तीन मिनिटांच्या डावात ते निभावणं कठीणच. त्यापेक्षा घोडा ए५ वर नेऊन उंटाला हुसकवायचं. एक प्यादं जातं, पण मोहरी भराभर बाहेर येतात. पाच मिनिटांत समजणारी गोष्ट आहे, तरी लोक वर्षभर तिथेच मार खातात.

डाव बघायचा कसा? इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, शेवटी. आधी कुठल्या चालीला किती सेकंद गेले ते बघा. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर विश्लेषणात त्याचा आलेख फुकट मिळतो. चाळीस चालींचा डाव धरला तर चालीमागे साडेचार सेकंद येतात. एका साध्या मारामारीवर पंचवीस सेकंद गेले असतील तर दुखणं तिथेच आहे, मग ती चाल बरोबर का असेना. आठवड्याला असं एकच दुखणं धरायचं आणि सराव फक्त त्याचा करायचा.

पुणेरी_प्यादं

ऑफिसात दिवसभर रिव्ह्यू मीटिंग, आणि रात्री डावाचाही रिव्ह्यू? आम्ही हरतो, शिव्या घालतो, झोपतो. रेटिंग वाढून पगार वाढणार असेल तर सांगा.

हत्ती_सातव्या_रांगेत

मी शाळेतल्या मुलांना शिकवतो, त्या अनुभवावरून सपशेल असहमत. तीन मिनिटांत जी चाल सापडली नाही ती पंधरा मिनिटांत तरी सापडली असती का, हे आधी तपासा. बहुतेकांना सापडत नाही. म्हणजे ब्लिट्झचे डाव उकरण्यापेक्षा १५+१० (पंधरा मिनिटं, शिवाय दर चालीला दहा सेकंद) खेळा आणि ते डाव लिहून काढून बघा.

१९७० मध्ये हेर्सेग नोवीला मोठी ब्लिट्झ स्पर्धा झाली होती. अमेरिकेच्या बॉबी फिशरने २२ पैकी १९ गुण घेतले, दुसरा आलेला माजी विश्वविजेता ताल साडेचार गुणांनी मागे. स्पर्धेनंतर फिशरने आपले सगळे डाव तोंडपाठ सांगितले असं म्हणतात. ती स्मरणशक्ती ब्लिट्झमधून आलेली नव्हती, सावकाश बुद्धिबळाच्या अभ्यासातून आलेली होती. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचंच बघा. २०२५ चा महिला विश्वचषक तिने कोनेरू हंपीविरुद्ध टायब्रेकमध्ये, जलद डावात जिंकला. पण तिथवर पोचली ती सगळी मेहनत संथ डावांची.

झटपट_मात

सर, आदर आहे, पण फिशर आणि दिव्याची उदाहरणं आम्हा चाकरमान्यांना कशी लागू पडणार? तासभर शांत बसायला मिळालं असतं तर आम्ही ब्लिट्झ खेळलोच नसतो.

धागाकर्त्यांशीही माझा वाद आहे. बुद्धिबळात ओळखीचे आकृतिबंध डोक्यात साठावे लागतात. चेस आणि सायमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच ते दाखवलं होतं. भरपूर खेळल्याशिवाय ते साठायचे कसे? शिवाय इंजिनला जी चाल 'उत्तम' वाटते ती दहा सेकंद उरलेल्या माणसाला निरुपयोगी असते. वजिराला वजीर मारून सोपा एंडगेम (थोडीच मोहरी उरलेला शेवट) घ्यायचा, समोरच्याला विचार करायला लावायचा, प्रीमूव्ह (समोरच्याच्या पाळीतच आपली चाल लावून ठेवणं) कुठे मारायची, ही अक्कल कुठल्या रिव्ह्यूत दिसते? अमेरिकेच्या हिकारू नाकामुराने ऑनलाइन ब्लिट्झचे ढिगाने डाव खेळलेत, त्याचं काय बिघडलं?

काळा_घोडा

@झटपट_मात: नाकामुरा पंधराव्या वर्षीच ग्रँडमास्टर झाला, त्याची गोष्ट वेगळी. आणि आकृतिबंध साठतात हे मान्य, पण चुकीचेही तितक्याच इमानाने साठतात. वरच्या उदाहरणात घोड्याने परत मारायची सवय अशीच तर लागते. इंजिनबद्दल तुमचं बरोबर आहे, म्हणून तर ते शेवटी लावा म्हणालो. पाव प्याद्याच्या फरकाकडे मी बघतही नाही. मोहरं फुकट गेलं, मात हुकली किंवा वेळ संपला, एवढंच बघतो.

@हत्ती सर: १५+१० ला विरोध नाही. पण ज्याला रोज वीसच मिनिटं मिळतात त्याने चार डाव खेळावेत, की दोन खेळून ते दोन बघावेत? माझा प्रश्न तेवढाच आहे.

वजीर_बाई

एंडगेमबद्दल कोणीच बोलत नाहीये, आणि ब्लिट्झ हरतात तिथेच. हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती हा शेवट घ्या. बचाव करणाऱ्याचा राजा प्याद्यासमोर असेल तर हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेत ठेवायचा. प्यादं त्या रांगेत सरकलं की थेट मागच्या टोकाला जाऊन पाठीमागून शह देत राहायचं. बरोबरी. हाताला सवय असेल तर पाच सेकंदांत जमतं, नसेल तर अर्धा मिनिट उरूनही हरतात. हे नुसतं ढिगाने खेळून येणार नाही आणि डाव बघूनही येणार नाही. ती स्थिती मांडून इंजिनविरुद्ध पुन्हा पुन्हा खेळावी लागते. त्यामुळे धाग्यातलं 'सराव' मान्य, 'रिव्ह्यू'चं कौतुक जरा जास्त झालंय.

पुणेरी_प्यादं

बाई, आमचा डाव एंडगेमपर्यंत पोचला की आम्ही पेढे वाटतो.

हत्ती_सातव्या_रांगेत

वीस मिनिटंच असतील तर दोन डाव खेळून दोन बघा, ठीक. पण ३+० (नुसती तीन मिनिटं) बंद करा, ३+२ (दर चालीला दोन सेकंद जादा) घ्या. जागतिक ब्लिट्झ स्पर्धाही ३+२ वरच होते. साठ चालींत दोन मिनिटं जादा मिळतात, आणि हरलात तर निदान पटावर हरता. ३+० चा डाव बघायला घेतला तर अर्ध्या वेळा माउस कुठे अडकला तेच बघत बसाल.

झटपट_मात

३+२ मध्ये जिंकलेला एंडगेम समोरचा शेवटपर्यंत ओढत नेतो, राजीनामा देत नाही. माझी लोकल तेवढी थांबत नाही सर. दादर आलं की फोन खिशात. ३+० च बरं.