पाचाच्या वर गोळ्या असतील तर नवी देण्याआधी एखादी जुनी काढा!

रानवारा:
ज्याला रोज पाच किंवा जास्त औषधं चालू आहेत, त्याला नवी गोळी लिहून देण्याआधी यादीतलं काय काढता येईल हे डॉक्टरांनी पाहायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. नेहमीची साखळी घ्या. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू होतं. काही आठवड्यांत घोटे सुजतात. सूज त्या गोळीचीच असते, पण नवा आजार समजून लघवीची गोळी दिली जाते. या सुजेवर ती फारशी चालत नाही. उलट पोटॅशियम उतरतं, यूरिक अ‍ॅसिड वाढतं, पायाचा अंगठा ठणकायला लागतो, की त्यावर आणखी एक गोळी. पहिल्याच गोळीचा डोस कमी केला असता किंवा ती बदलली असती तर हे सगळं टळलं असतं.

खडीसाखर:
इतकं सरसकट मला पटत नाही. ‘गोळ्या फार झाल्या’ हे एकदा डोक्यात बसलं की लोक आधी बीपीची गोळी सोडतात, कारण ती घेऊन काही बरं वाटल्याचं कळत नाही. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारी बीपीची गोळी) एकदम थांबवली तर धडधड वाढते, हृदयविकार असलेल्याला झटकाही येऊ शकतो. आणि वय झालं म्हणून औषध नको, हेही चूक. २००८ च्या हायव्हेट अभ्यासात ऐंशीच्या पुढच्या लोकांना बीपीची औषधं दिली, तेव्हा मृत्यू आणि हार्ट फेल्युअर दोन्ही कमी झाले.

रानवारा:
तो धोका परस्पर बंद करण्याचा आहे. मी डॉक्टरांनी विचार करून थांबवण्याबद्दल बोलतोय. २०१८ चा अ‍ॅस्प्री अभ्यासही बघा. बहुतेक सत्तरीपुढची, हृदयविकार नसलेली माणसं, रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन. हृदयविकार काही लक्षणीय कमी झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. (स्टेंट असलेल्यांनी हे स्वतःला लावून घेऊ नये, कृपया!)

तळटीप:
पण थांबवायचं कुणी? हृदयाचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, आणि दुसऱ्याने लिहिलेल्या गोळीला कुणी हात लावत नाही. आमच्या वडिलांना पेनकिलरसोबत पॅन्टोप्राझोल, म्हणजे पोटातलं अ‍ॅसिड कमी करणारी गोळी, दिली होती. पेनकिलर कधीच बंद झाली, ही चालूच. मध्ये थांबवली तर जळजळ उसळली आणि सगळे म्हणाले, बघा, गरज होती! पुढे कळलं की बरेच महिने घेऊन ती एकदम सोडली की अ‍ॅसिड काही काळ उसळतंच. मग डॉक्टरांनी हळूहळू कमी करत सोडवली.

खडीसाखर:
वडिलांचं ठीक झालं. पण ज्याला अल्सरमधून रक्तस्राव होऊन गेलाय आणि रक्त पातळ करणारं औषध चालू आहे, त्याला तीच गोळी वाचवते. म्हणून मला यादी आखूड करण्याचा आग्रह नको वाटतो. प्रत्येक गोळीपुढे ती कशासाठी, एवढं लिहा.

रानवारा:
आणि कधीपर्यंत, तेही लिहा. झोपेची गोळी दाखल असताना चार रात्रींसाठी दिलेली असते. डिस्चार्जच्या कागदावर शेवटची तारीख नसते, म्हणून ती वर्षानुवर्षं चालते, आणि म्हातारं माणूस रात्री बाथरूमला जाताना पडतं. तिथे ‘कशासाठी’ लिहिलेलं असूनही उपयोग होत नाही.