प्रति: युकिको उएनो यांची थोरवी
जपानच्या सॉफ्टबॉल गोलंदाज युकिको उएनो यांची सारी थोरवी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत टाकलेल्या ४१३ चेंडूंत आहे, हे मत मला अपुरे वाटते. तो पराक्रम अफाटच होता. परंतु २०१२ आणि २०१६ च्या ऑलिंपिकमधून सॉफ्टबॉल वगळला गेल्यावरही त्यांनी आपली गोलंदाजी टिकवली, हे मला अधिक मोलाचे वाटते. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, अमेरिकेविरुद्धच्या अंतिम सामन्यात सहाव्या डावात चेंडू सहकारी गोलंदाज मियू गोतो यांच्याकडे गेला होता. मात्र सुरुवातीच्या संघातील खेळाडूला बाहेर पडल्यावर एकदा परतण्याची मुभा या खेळात असल्यामुळे सातव्या, अखेरच्या डावात उएनो पुन्हा उतरल्या आणि जपानने २-० असे जिंकून २००८ चे सुवर्ण राखले.